आपांची बाग आणि माझी जीभ

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा. नाहीतर चहा नाकातून येईल आणि बोल मला लावाल.

तर ऐका. एका सज्जन बाईची फुलांनी लगडलेली बाग मी भर उन्हाळ्यात उजाड केली. कुऱ्हाड चालवली नाही, बकरी सोडली नाही, कुणाचं पाणीही तोडलं नाही. नुसतं कौतुक केलं!

खोटं वाटतंय ना? आमच्या ह्यांनाही वाटलं होतं.

माझा स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. चांगलं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही. शेजारणीची भाजी, पडदे, सून, दारातली रांगोळी, काही म्हणून सुटत नाही. लग्न होऊन वर्ध्याहून भोपाळला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "सूनबाई, जरा दमानं. म्हशीचं इतकं कौतुक केलंस म्हणून दूधवाला काही माप वाढवणार नाही." पण स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

आम्ही राहतो सोनागिरीत. हे कारखान्यातून रिटायर झाले आणि आता दिवसभर कूलर दुरुस्त करत बसतात. कूलर एकच आहे, तरी काम संपत नाही. भोपाळ म्हटलं की लोकांना तलाव आठवतात. ते सगळं गावाच्या त्या टोकाला हो! आमच्या बाजूला एप्रिल लागला की धूळ, ऊन आणि कूलरची घरघर. माझ्या अंगणात तेव्हा काय होतं? एक तुळस, एक कढीपत्ता आणि एक कोरफड. कोरफडीला मी दोनदा फेकून दिलं होतं, ती तिथेच उगवली.

आणि समोर? समोर नफीसा आपांचं घर!

आपा सत्तरीच्या. अंगाने बारीक, बोलणं मऊ, आणि पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर मीसुद्धा पोट आत घेऊन उभी राहते. सोबत नात, झोया. बँकेत नोकरीला. आईवडील इंदूरला, ही नानीपाशी. घर आमच्याएवढंच, अंगणही आमच्याएवढंच. पण त्या अंगणात आपांनी जे काय केलं होतं ना, देवाशप्पथ सांगते, बघून डोळे निवायचे.

फाटकाशी जिनिया. लाल, केशरी, राणी कलर, पिवळी, एकेक फूल वाटीएवढं. लोक उन्हाला शिव्या देत रस्त्याने जायचे आणि त्या फुलांपाशी आपोआप पाय हळू व्हायचे. भिंतीच्या कडेने पसरट गमल्यांत दसबजिया, म्हणजे आपला चिनी गुलाब. (कुंडी म्हणा हो तुम्ही. आम्ही भोपाळवाले गमला म्हणतो.) सकाळी मिटलेला, आणि दहाच्या सुमाराला ऊन चढलं की सगळी भिंत एकदम गुलाबी! आपा आतून म्हणायच्या, "लो, दस बज गए." फाटकावर मधुमालतीची कमान. संध्याकाळी पांढरी उमलायची, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. आणि मोगरा! साधा मोगरा, मदनबाण, आणि दाराशी अर्ध्या ड्रममध्ये बटमोगरा, टप्पोरा, पाकळ्यांनी गच्च. संध्याकाळी आपा पाणी शिंपायच्या तेव्हा ओल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास मिळून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी पोळी तव्यावर विसरायचे. कितीतरी पोळ्या त्या मोगऱ्यापायी करपल्या असतील.

आता असल्या बागेसमोर राहून माणसाने तोंड बंद ठेवायचं? तुम्ही ठेवलं असतंत?

एके संध्याकाळी मी फाटकाशी थांबले आणि म्हटलं, "आपा, ये केसरिया जिनिया कितना सुंदर है! नजर नहीं हटती."

आपा हसल्या. "आप ही का है, बहन."

मला वाटलं, गोड बोलतात बाई! आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात झोया, हातात मोठं ताट, ताटात केशरी जिनियाचा अख्खा गमला.

"नानी ने भेजा है, आंटी."

मी विरघळलेच. किती हे प्रेम! ह्यांना म्हटलं, "बघा, माणुसकी अजून आहे." ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हटलं, "आहे ना. पण गमला ठेवणार कुठे?"

आता ताट परत द्यायचं. आपल्यात रिकामं भांडं परत करतात का कधी? मी त्यात आंब्याची डाळ भरली आणि नेऊन दिली. देताना काय केलं? दसबजियाचं कौतुक केलं. कारण दहा वाजले होते हो! भिंत नुकतीच उमलली होती, मी काय डोळे मिटून उभी राहू?

"आप ही का है," आपा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताटातून दसबजिया आला. ताट मी कुरडया घालून परत केलं आणि जाता जाता मधुमालतीला चांगलं म्हणून आले. मधुमालतीची कमान काही उचलता येईना, म्हणून आपांनी तिचं एक रुजलेलं रोप डब्यातून पाठवलं. डबा मी शंकरपाळ्यांनी भरून परत केला. सदाफुली आली. गुळांबा गेला. सूर्यफूल आलं. ते माझ्याहून उंच होतं, झोया त्याला मिठी मारून आली, तिचा चेहरा पानांत कुठे दिसेना.

तोपर्यंत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आपांची बाग विरळ व्हायला लागली होती. भिंतीशी ओल्या मातीचे गोल गोल डाग, गमले गायब.

आणि इथे, मंडळी, माझी अक्कल चालली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, आपांचे गुडघे दुखत असणार. बिचाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी घालणं झेपत नाही, म्हणून एकेक झाड काढतायत. त्यांचं बागेवरचं मन उडत चाललंय."

"मग?"

"मग काय? त्यांना हुरूप दिला पाहिजे! मी रोज जाऊन त्यांच्या झाडांचं कौतुक करणार."

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मग कूलरमध्ये डोकं घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरे अशा वेळी बोलत नाहीत.

मग काय, मी रोज जायला लागले. सकाळी मोगरा वाखाणला, संध्याकाळी मदनबाण. कधी पानांची चकाकी, कधी मातीचा पोत. मातीचं कौतुक केलं तर माती आली, पोतं भरून! आपांचा चेहरा दिवसेंदिवस जरा जास्तच गंभीर व्हायला लागला. मला वाटलं, बाई फार खचलीय. मी कौतुक वाढवलं.

माझं अंगण मात्र काय दिसायला लागलं म्हणून सांगू! येणारे जाणारे फाटकाशी थांबायचे. मीही ऐटीत म्हणायचे, "हां, थोडाफार शौक है." लाज वाटते आता सांगायला.

एक दिवस सकाळी दूध घेऊन परत येत होते तर झोयाने स्कूटी माझ्या पायाशी आणून करकचून थांबवली. हेल्मेट काढलं. डोळ्यांत पाणी!

"आंटी, हाथ जोडती हूं. अब कुछ पसंद मत करना!"

मी म्हटलं, "काय झालं गं बाई?" घाबरले की मी मराठीतच बोलते.

झोयाला मराठी समजतं, सगळं लहानपण आमच्या गल्लीत गेलंय तिचं. ती म्हणाली, "नानी के सामने जिस चीज की तारीफ करो, वो चीज घर में नहीं रुकती. उनके लिए ये तहजीब है. मेहमानाच्या तोंडून तारीफ निघाली म्हणजे त्याचं मन तिथे गेलं, आणि मन गेलं की देऊन टाकायचं. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ नाही, पाहिलंत तुम्ही? गॅसवाले ने अच्छा बोल दिया था!"

माझ्या हातातली दुधाची पिशवी गार पडली. म्हणजे, ती गारच होती, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

"अगं पण आधी नाही का सांगायचं?"

"नानी को पता चला तो मुझे घर से निकाल देंगी. आणि आंटी..." तिने हेल्मेट सीटवर ठेवलं. "पंधरवड्यावर माझी मंगनी आहे, साखरपुडा. याच बागेत. अम्मीची मंगनीसुद्धा इथेच झाली होती, तो ड्रममधला मोगरा तेव्हाच लावलेला. मैंने हॉल के लिए मना कर दिया. म्हटलं, हॉल नको, लाइटिंग नको, मला नानीची बाग हवी. फैजान के घरवालों को भी यही बोला है. आणि आता बागेत उरलंय काय? कमान, तो ड्रम, आणि तुमचा गुळांब्याचा रिकामा डबा!"

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. खरंच बसले. पोरीचा एवढा आनंदाचा दिवस, आणि तिची बाग माझ्या दारात! मला इतकं अपराधी वाटलं की चहासुद्धा घशाखाली उतरेना. मी आणि चहा नाही! म्हणजे बघा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सोपं आहे. सगळं उचल आणि परत देऊन ये."

"दिलेली भेट परत? तोंडावर फेकल्यासारखं नाही का होणार? आपा जन्मात बोलायच्या नाहीत माझ्याशी."

"मग उलटं कर. कौतुक केलं की झाड येतं ना? नावं ठेव. झाड परत जाईल."

बघा हं, इंजिनिअरचं डोकं! मला पटलं. संध्याकाळी गेले, चेहरा पाडून म्हटलं, "आपा, सच बताऊं? वो सब पौधे हमारे यहां खुश नहीं हैं. मोगरे में कीडा लग गया. जिनिया झुक गया. तुमच्याकडेच बरे होते."

खोटं बोलताना माझी जीभ जड झाली होती हो. तिला सवय नाही ना नावं ठेवायची!

आपांचा चेहरा कसनुसा झाला. "तौबा! मैंने आपको बीमार पौधे भेज दिए?" आणि छातीवर हात ठेवून त्यांनी दाराशी असलेल्या ड्रमकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हातगाडी! दोन माणसं घाम पुसत उभी. गाडीवर अर्धा ड्रम, ड्रममध्ये बटमोगरा. मागे झोया, चेहरा असा की मला बघवेना.

"नानी ने माफी मांगी है, आंटी. बोलीं, खराब के बदले सबसे अच्छा वाला."

हे मागून म्हणाले, "माझं चुकलंच." लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकायला मन थाऱ्यावर नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, मग काय केलंस? दोन दिवस नुसता विचार केला. आणि तिसऱ्या दिवशी देवघरात चैत्रगौर झोपाळ्यावर बसवलेली, तिला हळदीकुंकू वाहताना एकदम सुचलं. वाण!

चैत्रात आपण वाण देत नाही, मलाही कळतं. हरभऱ्यांनी ओटी भरतो, डाळ-पन्हं देतो, झालं. वाण संक्रांतीचं. पण एक सांगा, वाण दिलं तर नाकारतात का? नाही! परत करतात का? कधीच नाही! आपा दरवर्षी माझ्याकडे चैत्रगौरीला येतात, अत्तर-गुलाबपाणी लावून घेतात, पन्हं पितात. म्हटलं, यंदा त्यांना वाण द्यायचं. त्यांचीच सगळी झाडं! आपा तहजीबवाल्या, पण रीत आमची. नाही म्हणताच यायचं नाही. आहे की नाही डोकं?

आमच्या महिला मंडळाच्या कुंदाताईंना फोन केला. त्या चार इमलीत राहतात, यजमान मोठे सरकारी अधिकारी. आनंदाच्या भरात म्हटलं, "कुंदाताई, यंदा चैत्रगौरीला माझ्याकडे वाण आहे बरं का! झाडांचं!" कुणाला द्यायचं ते सांगणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला.

त्या शिट्टीने घात केला माझा.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळे गमले पुसून व्हरांड्यात मांडले, एकेकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. बटमोगरा मधोमध. काय दिसत होतं सांगू! गौरीसुद्धा झोपाळ्यावरून वाकून बघत असेल. आपा अस्रची, म्हणजे दुपार उतरतानाची नमाज झाल्यावर येणार होत्या. बायका यायला लागल्या, मी आत पन्ह्याचे पेले भरत होते. बाहेरून आवाज येत होते, "अगं बाई, हा माझा!" "नाही हं, मी आधी हात लावला!" "कुंदाताई, तुमच्या गाडीत ड्रम मावेल ना?" मला वाटलं, साड्यांचं चाललंय. आता साड्यांच्या गप्पांत ड्रम कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण हातात पन्हं होतं, वेलची कमी पडत होती.

ट्रे घेऊन बाहेर आले तर व्हरांडा रिकामा!

फाटकाबाहेर तीन ऑटो, दोन स्कूटर आणि एक सरकारी गाडी. सूर्यफूल ऑटोच्या बाजूने डोकं काढून चाललेलं. कुंदाताई काच खाली करून ओरडल्या, "अगं, किती सुरेख कल्पना! सगळ्या जणी खूश झाल्या! ग्रुपवर टाकलं होतं मी, की वाण लुटायला पिशव्या घेऊन या!" आणि गेली गाडी. मागच्या सीटवर ड्रम होता, त्याला सीटबेल्ट लावलेला.

आणि त्याच वेळी समोरच्या फाटकातून आपा बाहेर आल्या.

त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं. वळणावरून नाहीशा होणाऱ्या ऑटोंकडे बघितलं. व्हरांड्यात उरलं होतं काय? तुळस, कढीपत्ता आणि ती मेली कोरफड.

"बहन," आपा शांतपणे म्हणाल्या, "आपके यहां तो तारीफ भी नहीं करनी पडती. सीधे उठा लेते हैं!"

मला रडू फुटलं. ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. गुडघे, हुरूप, कीड, वाण, शिट्टी. हिंदीत सुरू केलं, मराठीत संपवलं. आपा ऐकत होत्या. मग शेजारात शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला बाग लावायचीय आणि मागायला संकोच वाटतोय. रोज येऊन एकेक झाड सुचवताय. मी म्हटलं, बिचारीला किती दिवस ताटकळत ठेवायचं?" आणि हसायलाच लागल्या. ताठ पाठ वाकली, डोळ्यांत पाणी आलं, इतक्या हसल्या. मीही रडत रडत हसले.

पण हसून झाल्यावर त्यांनी वळून आपल्या रिकाम्या भिंतीकडे एकदा बघितलं. "मंगनी हो जाएगी, कुर्सियां डाल लेंगे," एवढंच म्हणाल्या. ते मला फार लागलं. तोंडाने बाग घालवली होती, आता तोंडानेच परत आणायला हवी होती.

त्या रात्री जेवणाआधीच फोनला बसले. पहिला कुंदाताईंना.

"वाण परत? अगं, सासूबाई काय म्हणतील? अपशकुन असतो तो!"

सगळ्यांचं हेच. देशमुखबाईंनी तर फोनच ठेवला. मग मात्र मला खरंच सुचलं. म्हटलं, "परत नका करू. तुमचं वाण तुमच्याजवळच राहू दे. फक्त रविवारी संध्याकाळी त्याला घेऊन मंगनीला या. आपांचं आमंत्रण आहे. येताना झाड आणा, जाताना घेऊन जा."

मंगनी? आमंत्रण? कबाब? बायका उड्या मारायला लागल्या!

रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. पैठणी नेसलेल्या बायका, नाकात नथ, आणि कडेवर गमला! ऑटोतून सूर्यफूल उतरलं, सरकारी गाडीतून ड्रम. गोविंदपुऱ्याच्या जोशीबाईंचा दसबजिया बकरीने खाल्ला होता, तर त्यांनी घरची गुलाबी कण्हेर उचलून आणली. बाकीच्यांनी ते आदल्या दिवशीच ऐकलं होतं, म्हणून त्यांनीही घरचं एकेक सोबत आणलं. आपांची बाग पहिल्यापेक्षा दुप्पट झाली! भिंतीला भिंत दिसेना. वर मधुमालती, खाली मोगरा, मध्ये जिनियाचे रंग, आणि आपांनी पाणी शिंपलं तसा जो वास उठला ना! झोया जिन्यावरून खाली आली, बघून तिथेच थांबली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. आपांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. कबाब खाऊन झाल्यावर.

पण तयारी मी पक्की केली होती. मंडळाच्या सगळ्या बायकांना फाटकातच तंबी दिली. "कुणीही कशाचंही कौतुक करायचं नाही! फुलाचं नाही, कपाचं नाही, कुणाच्या कपड्यांचं नाही. एक शब्द काढलात तर वस्तू गळ्यात पडेल आणि मंगनीचं वाटोळं होईल!"

बायका घाबरल्या. ओळीने खुर्च्यांवर बसल्या, ओठ घट्ट मिटून. समोर एवढी सुंदर बाग, आणि आमच्या पंधरा-वीस बाया भिंतीकडे बघत बसलेल्या. कबाब आले, चुपचाप खाल्ले. त्यातले काही फैजानच्या आईने करून आणलेले, ती हौसेने म्हणाली, "कैसे बने हैं?" कुंदाताईंनी मान खाली घातली. फैजानच्या मावशीने झोयासाठी आणलेला जोडा, म्हणजे मंगनीचा पोशाख, दाखवला, काय जरीकाम होतं त्यावर! देशमुखबाईंनी तोंड फिरवलं.

हळूहळू मुलाकडची माणसं कुजबुजायला लागली. फैजानचे वडील आपांना बाजूला घेऊन विचारत होते. फैजानची आई माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"बहन, सच बताइए. पडोस की सब औरतें नाराज हैं क्या? आप लोगों को ये रिश्ता पसंद नहीं?"

अरे देवा! झोया पलीकडून माझ्याकडे बघत होती. गळ्यातला हार अजून घातला नव्हता, अंगठी अजून डबीत होती. गप्प बसावं तर मंगनी मोडते, बोलावं तर काहीतरी गळ्यात पडतं. मी भराभर विचार केला. कानातल्यांचं कौतुक? काढून देईल. शालीचं? अंगावर घालेल. फुलांचं नाव काढायचीच सोय नाही. अशी कुठली गोष्ट आहे की जिचं कौतुक केलं तरी कुणी उचलून देऊ शकत नाही?

आणि समोर तो उभा होता. मोगऱ्याच्या ड्रमजवळ, पांढऱ्या शेरवानीत, लाजत. खरंच देखणा हो! पंधरा दिवस दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडात एकदम आलं.

"पसंद नहीं? अहो, काय बोलता! आपका बेटा तो हीरा है! ऐसा सुंदर, ऐसा गुणी लडका मैंने पूरे भोपाल में नहीं देखा!"

मग फैजानच्या आईचा चेहरा जो फुलला! तिने माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आप ही का है, बहन!"

"नहीं!!" झोया किंचाळली. ओढणी सावरत धावली, दोन्ही हातांनी फैजानची बाही पकडली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आंटी, ये नहीं! बाग ले लो, ड्रम ले लो, ये वाला नहीं दूंगी!"

मुलाकडच्यांना कळेना काय झालं. आपांनी हसत हसत सांगायला सुरुवात केली आणि अख्खी बाग हसायला लागली. फैजान बिचारा लाल झाला होता, पण बाही सोडवून घेतली नाही. अंगठ्या तिथेच, बाही धरलेली असतानाच घातल्या.

लग्न डिसेंबरात आहे. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं आहे, झोया स्वतः येऊन सांगून गेली. अट एकच. दारातच माझ्या तोंडात पान कोंबणार, आणि "कबूल है" होईपर्यंत ते थुंकायचं नाही.